सड्यावरची फुले आणि चाकाची खुर्ची

गणपतीपुळ्याहून निवळीच्या दिशेने जाणारा रस्ता चढण संपवून सड्यावर आला, की कोकणाविषयीच्या आपल्या साऱ्या ठरीव कल्पना खाली समुद्रकाठी राहून जातात. येथे माड नाहीत, पोफळीची बाग नाही, पाटाचे झुळझुळणारे पाणी नाही. नजर पोहोचेल तेथवर काळपट तांबडा, सपाट कातळ. आमच्या वसईकडच्या वाचकांच्या मनात 'सडा' म्हटले की अंगणातला शेणसडा उभा राहील. रत्नागिरीकडे मात्र डोंगराच्या माथ्यावरील ह्या जांभ्या दगडाच्या पठाराला सडा म्हणतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश वैद्याने मलबारातील अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून त्याला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटराइट' असे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे चिरे काढून घरे, विहिरी आणि गडगे बांधले जात होते. जमिनीत असताना हा दगड मऊ असतो, उघड्यावर हवा लागली की कठीण होतो. म्हणून गवंडी त्याच्यावर प्रसन्न आणि शेतकरी नाराज.

वैशाखात ह्या कातळावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. मृगाच्या सरी पडल्या, की त्याच कातळाच्या खळग्यांत बोटभर माती भिजते आणि पाहता पाहता सारा देखावा पालटतो. प्रथम येते ती दिपकाडी: हातभर उंचीच्या देठावर पांढऱ्या फुलांचा लोलक. मुख्यत्वे कोकण आणि गोवा येथील सड्यांवरच वाढणारी ही कंदवर्गीय वनस्पती जून सरता सरता फुलते आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. मग श्रावण-भाद्रपदात निळ्याजांभळ्या 'सीतेच्या आसवां'चे ताटवे पसरतात. हे नाजूक फूल मांसाहारी आहे, हे सांगितले तर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. परंतु ओल्या मातीखाली त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत शिरलेला बारीक जीव बाहेर येत नाही. कातळातील मातीत नत्र कमी, म्हणून ही तजवीज. त्याच ओलीत चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू, पांढऱ्या बटणांसारखे गेंद, कवळ्याची पिवळी फुले, तेरडा, आभाळी. ऑक्टोबराचे ऊन पडले की गवत पिवळे होते आणि वर्षाचा हा सारा बाजार उठतो.

आम्ही हे सारे तीनचार वेळा पाहिले होते, आणि पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. ती ध्यानात आणून दिली आमच्या मंडळींतील एका निवृत्त शिक्षिकेने. आम्ही सारेच त्यांना 'बाई' म्हणतो. लहानपणीच्या पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. तरुणपणी कॅलिपर आणि कुबड्या, पन्नाशीनंतर चाकाची खुर्ची. तीस वर्षे त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवले. आम्ही सड्यावरून परतून फुलांचे वर्णन करीत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता ती जमीन ताटासारखी सपाट आहे ना? मग मी तिथे का गेले नाही आजवर?"

ह्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. डोंगर चढवत नाही, हे आपण समजू शकतो. किल्ल्याच्या पायऱ्या, धबधब्याखालची घसरण, जंगलातील पायवाट येथे निसर्गानेच अडसर घातला आहे, असे म्हणता येते. येथे तर निसर्गाने फुलांचा गालिचा डोंगराच्या माथ्यावर, सपाट फरशीवर अंथरला आहे आणि डांबरी रस्ता त्याच्या काठाने गेला आहे. तरी चाकाच्या खुर्चीतील माणूस तेथे पोहोचत नाही. का पोहोचत नाही, ह्याचा शोध घेऊ लागलो तेव्हा रानफुले आजवर कोणी पाहिली आणि कशी पाहिली, ह्या इतिहासातच आम्हांस शिरावे लागले.

ह्या फुलांची पहिली शास्त्रीय नोंद करणारे सारे पायी हिंडणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला निकोल डाल्झेल हा स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीत होता. पुढे तो वनखात्याचा प्रमुख झाला. दिपकाडीचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याचे, आणि तिच्या नावातील 'कोंकणेन्से' हा शब्दही त्याचाच. अलेक्झांडर गिब्सन ह्यांच्यासह त्याने लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी कोकणात गाडीरस्ते थोडे. अंमलदार फिरत ते घोड्यावरून, मचव्यातून, नाही तर भोयांनी उचललेल्या मेण्यातून. साहेबाचे पाय धडधाकट असत, तरी त्याला उचलून नेणारे खांदे हजर असत आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. ज्याचे पाय खरोखर चालत नव्हते, असा रयतेतील माणूस मात्र पडवीतच बसून राही. चालता न येणे ही अडचण जुनी आहे; पण ती अडचण कोणासाठी दूर करायची, हे शरीरावरून नव्हे, तर हुद्द्यावरून ठरत होते.

ज्यांना रानात जाता येत नाही, त्यांच्यापर्यंत रान आणण्याचे काम आपल्या परिचयाच्या माणसांनी केले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लाटर हे येशूसंघीय धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी तेथे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. आज 'ब्लाटर हर्बेरियम' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या संग्रहात सुमारे दोन लाख नमुने आहेत. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते पाचगणीस होते. तेथील टेबललँड म्हणजेही जांभ्याचेच पठार, सड्याचे घाटावरचे भावंड. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा वारसा चालविला तो स्पेनहून आलेल्या फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाव ह्यांनी. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ चा. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भर पावसात खंडाळ्याच्या कड्याकपारींतून हिंडून त्यांनी जे वेचले, ते कागदावर दाबून, वाळवून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवले.

आमच्या बाईंनी शिकवताना अशीच दाबलेली फुले वापरली. विद्यार्थ्यांनी सहलीहून आणलेली फुले त्या जुन्या वर्तमानपत्रांत दाबीत, वहीत चिकटवीत. त्या म्हणतात, "तीस वर्षे मी फुले तपकिरी रंगाचीच शिकवली." हर्बेरियमचे मोल त्यांना आमच्याहून अधिक कळते, पण कपाटातले फूल आणि वाऱ्यावर डोलणारे फूल एक नव्हे, हेही त्यांना आमच्याहून अधिक कळते.

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात एका अपंग माणसाचे नाव मात्र अग्रभागी आहे, आणि तो आपल्या समुद्राच्या पलीकडचा आहे. १६२७ साली जन्मलेला गेओर्ग रुम्फियस हा जर्मन मनुष्य डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इंडोनेशियातील अंबोन बेटावर होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात त्याची पत्नी आणि एक मुलगी मरण पावली. १६८७ च्या आगीत त्याची चित्रे जळाली. पुन्हा तयार केलेले हस्तलिखित नेणारे जहाज १६९२ मध्ये फ्रेंचांनी बुडवले. सुदैवाने नक्कल मागे ठेवलेली होती. ज्या आंधळ्या माणसाने हाताने चाचपून, वास घेऊन, लेखनिकांकडून लिहवून अंबोनच्या वनस्पतींचा कोश पुरा केला, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १७४१ पासून, तो छापला गेला. त्यात एका शुभ्र आमरीला त्याने 'सुझानाचे फूल' म्हटले आहे. आपल्याला फुले वेचण्यात साथ देणाऱ्या पत्नीची ती आठवण. त्याच गोताची झालरीच्या पाकळ्यांची पांढरी आमरी सह्याद्रीत पावसाळ्यात फुलते. कंपनीने रुम्फियसला कामावरून काढले नाही. त्याला लेखनिक दिले, चित्रकार दिले. त्याची विद्वत्ता अलौकिक होती हे खरे, पण लेखनिकावाचून ती त्याच्याबरोबरच मातीत गेली असती.

आता खुर्चीकडे वळू. १६५५ मध्ये न्यूरेम्बर्गजवळच्या स्टेफान फार्फ्लर ह्या घड्याळजीने स्वतःसाठी हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी बनविली. त्याचे पाय निकामी होते. आपल्याकडे बसस्थानकाबाहेर दिसणाऱ्या हातदांड्याच्या तीनचाकीची ती पणजी म्हणावी. घडी घालून मोटारीत टाकता येईल अशी पोलादी खुर्ची मात्र १९३३ मध्ये अमेरिकेत झाली. खाणीतील अपघाताने पंगू झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा यंत्रज्ञ मित्र हॅरी जेनिंग्ज ह्या दोघांनी ती घडवली. घडीच्या खुर्चीने माणूस घराबाहेर पडला. त्याआधी खुर्ची घरातल्या घरात किंवा इस्पितळाच्या ओवरीत फिरत होती. आजारी माणसाला मोठ्या संख्येने घराबाहेर नेण्याची व्यवस्था त्यापूर्वी कोठे होती, तर ती लूर्दला. तेथील स्वयंसेवकांचा संघ १८८५ चा. रुग्णांना हातगाडीत बसवून गुहेपर्यंत ओढत नेण्याची तेथली रीत आजही पाहावयास मिळते. तीर्थयात्रेसाठी जे सुचले ते फुलांसाठी कोणास सुचले नाही. फूल पाहणे ही चैन मानली गेली, आणि अपंगाच्या वाट्याला चैन कोठली!

मराठी वाचकाला हा विषय जवळून भेटला तो कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांच्या 'चाकाची खुर्ची' ह्या आत्मकथनातून. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील शरीर लुळे पडलेल्या ह्या बाईंनी १९८४ मध्ये अपंगांसाठी संस्था उभी केली, आणि पुढे कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, काजूप्रक्रियेचा उद्योगही सुरू केला. सैन्यातील जायबंदी जवानांसाठी खडकीचे केंद्र १९७४ पासून आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर ह्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. उपजीविका झाली, शौर्य झाले, पदक झाले. अपंग माणसाने काही सिद्ध करून दाखवावे, ह्याची आपल्याला सवय झाली. काहीही सिद्ध न करता एखाद्या संध्याकाळी फुले पाहात बसावे, ही त्याची इच्छा मात्र आपल्या यादीत नव्हती.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या संसदेने १९९५ मध्ये अपंगांसाठी कायदा केला. उतरणी, प्रसाधनगृहे, वाहने ह्यांचा त्यात उल्लेख होता, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती जोडलेली. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, आणि सांस्कृतिक जीवन व करमणूक हाही हक्क म्हणून नोंदला गेला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी ह्यांच्या खटल्यात सांगितले की, सुगमतेचे नियम हे केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग आहेत. ह्यांपैकी किती जणांनी सीतेची आसवे पाहिली असतील, हे कोणत्याही जनगणनेत विचारीत नाहीत.

कायद्याचे डोळे बहुधा इमारतीवर खिळलेले असतात. उतरण एकास बारा ह्या प्रमाणात हवी, म्हणजे एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी, हे आता पुष्कळ अभियंत्यांना पाठ आहे. पण उघड्या माळाचे काय? एका मोठ्या शहरातील बागेत आम्ही बाईंना घेऊन गेलो होतो. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी खांब रोवलेले. खुर्ची त्यातून जाईना. रखवालदार सज्जन होता. तो म्हणाला, "चला, आपण चौघे उचलून घेऊ." बाईंनी नकार दिला. परतताना गाडीत त्यांनी शुभवर्तमानातील पक्षघाती माणसाची गोष्ट काढली. चौघांनी खाट उचलली, छप्पर उकलले, दोर सोडले. "त्या चौघांच्या श्रद्धेवर आपण दर वर्षी प्रवचन ऐकतो," त्या म्हणाल्या, "पण दारात गर्दी करून उभ्या राहिलेल्या लोकांना कोणी काही विचारले नाही. ते थोडे बाजूला झाले असते, तर छपराचे नुकसान टळले असते." आम्ही इतकी प्रवचने ऐकली, परंतु गोष्टीतील गर्दीकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

म्हणून गतवर्षी भाद्रपदात गणपतीपुळ्याला जाताना आम्ही पुरती तयारी केली. दोन जाड फळ्या घेतल्या. खुर्चीच्या चाकांत हवा भरून घेतली. आदल्या दिवशी दोघे जण सड्यावर जाऊन जागा पाहून आले, आणि तेव्हा आम्हांस पहिल्यांदा कळले की, जी जमीन आम्ही सपाट म्हणत होतो ती चाकाच्या दृष्टीने कशी आहे. रस्त्याच्या कडेला पाणी वाहून नेणारा वीतभर खोल चर. त्यापलीकडे गडगा, आणि गडग्यातून आत जायला चिऱ्यांच्या दोन पायऱ्या. पायी चालणाऱ्याला त्या पायऱ्या दिसतसुद्धा नाहीत. आत गेल्यावर कातळ खरोखरच सपाट. पण जांभ्याला भोके फार, आणि खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी त्या भोकांत अडकतात. शिवाय जेथे पाणी झिरपते तेथे शेवाळ. ह्या सर्व अडचणींची बेरीज केली तर वीसपंचवीस पावलांची होते. त्यांतील चर आणि गडगा माणसाने केलेले, भोके आणि शेवाळ निसर्गाची. निसर्गाच्या अडचणी सोप्या निघाल्या. खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके पुढे घेतली आणि मागे ओढत नेली, की भोके आड येत नाहीत. शेवाळाला वळसा घातला. चरावर फळ्या टाकल्या. गडग्यापाशी मात्र अडलो. अखेर अर्धा फर्लांग पुढे, जेथे गुरे आत सोडण्यासाठी गडगा मोकळा ठेवला होता, तेथून आत गेलो. गुरांसाठी वाट होती. आम्ही जागेच्या मालकांची परवानगी आधीच घेतली होती. त्यांनीच ही वाट दाखवली.

बाईंनी खुर्ची कोठे थांबवायची ते स्वतः ठरवले: उघड्या कातळाच्या कडेला, जेथून पुढे मातीचा ओला थर सुरू होतो. एकही रोप चाकाखाली येता कामा नये, ही त्यांची अट. तेथे बसून त्या वाकल्या. आणि आम्हांस अनपेक्षित अशी गोष्ट दिसली. सीतेची आसवे वीतभर उंचीची, दवबिंदू तर त्याहून ठेंगणी. आम्ही उभे, म्हणून आम्हांला निळा रंग दिसे, फूल दिसत नसे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे आमच्यापेक्षा दीडएक फूट जमिनीजवळ. बाईंनी हातातील भिंग लावून एका पाकळीवरील पांढरा ठिपका दाखवला. इतक्या वर्षांत तो आमच्या नजरेस पडला नव्हता. मग एकेक करून आम्ही सारेच कातळावर बसलो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सड्यावरची माती बोटभर. माणसांच्या पावलांनीच ती उखडते. मग चाके, उतरणी, वाटा कशाला? साताऱ्याजवळच्या कास पठाराचा अनुभव समोर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांबरोबर कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत लागले आणि गर्दी लोटली. दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आले, तारेचे कुंपण आले. आणि कुंपण फुलांना तारक की मारक, असा वादही आला. ज्यांनी कातळपठारांचा अभ्यास अनेक वर्षे केला आहे, त्या डॉ. अपर्णा वाटवे ह्यांच्यासारख्या संशोधकांनी ह्या परिसंस्थेचा नाजूकपणा वेळोवेळी दाखवून दिला आहे. ही भीती आम्ही मान्य करतो. परंतु कास तुडवले ते चाकाच्या खुर्च्यांनी नव्हे, हेही मान्य करावे लागेल. उलट, ठरलेली, बांधलेली, कडेकडेने जाणारी एक वाट असली, तर खुर्चीही जाते आणि पावलेही आवरली जातात. केपटाउनच्या कर्स्टनबॉश ह्या १९१३ पासूनच्या वनस्पती उद्यानात २०१४ मध्ये झाडांच्या माथ्यांवरून नेणारा १३० मीटरचा पूल बांधला गेला. त्यावरून खुर्ची सहज जाते आणि खाली एक पानही चिरडत नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गणपतीपुळ्याला मंदिरामागचा डोंगर हाच देव मानतात. त्यावर कोणी चढत नाही, कोणी तेथे खणत नाही. भाविक त्याच्या भोवतीने, सुमारे एक किलोमीटरच्या बांधीव मार्गाने, प्रदक्षिणा करतात. आम्ही त्या श्रद्धेचे नसलो तरी त्या रचनेतील शहाणपण आम्हांस भावले. जे जपायचे त्याच्यावर पाय न देता त्याच्या भोवतीने फिरायचे. रत्नागिरीजवळच उक्षी गावच्या लोकांनी सड्यावर कोरलेल्या प्राचीन हत्तीभोवती जांभ्याचा बांध घालून तो बाहेरून पाहण्याची सोय केली. ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ह्यांच्यासारख्या शोधकांनी त्यांसाठी सडे पायाखाली घातले. चित्रांसाठी जे झाले, ते फुलांसाठीही होऊ शकते. चरावर चार फूट रुंदीची एक लादी, गडग्यात एक मोकळी जागा, आणि ओल्या मातीच्या अलीकडे थांबणारी पन्नास पावलांची वाट. खर्च एका कमानीपेक्षा कमी येईल, असा आमच्यातील एका कंत्राटदाराचा अंदाज.

परंतु वाट कोठे नेणार, हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. सड्याची नोंद सरकारी दप्तरात 'पडीक' अशी असते. पडीक म्हटले की ते उपयोगात आणणे हे पुण्यकर्म ठरते. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, बाहेरची माती भरली गेली आणि हापूस व काजू उभे राहिले. ह्या योजनेने कोकणातल्या हजारो घरांत चूल पेटती ठेवली. तिला नावे ठेवणे आम्हांस शोभणार नाही. जोडीला चिऱ्यांच्या खाणी, घरकुले, रस्ते. एकदा सुरुंग लागलेला कातळ पुन्हा सपाट होत नाही आणि त्यावरची बोटभर माती पुन्हा जमत नाही. हिरण्यकेशीच्या माशासाठी आंबोलीला २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तसा एखाद्या सड्याला मिळावा, ही अभ्यासकांची अपेक्षा गैर नाही. राखीव दर्जा द्यायचा झाला, तर त्याच्या पहिल्याच आराखड्यात चाकाची वाट असावी. कुंपण, तिकीटघर आणि पायऱ्या झाल्यावर मागाहून उतरण जोडणे म्हणजे काय होते, ते आपण आपल्या चर्चच्या आणि सभागृहांच्या दारांत पाहतोच.

बाई त्या दिवशी पावणेदोन तास सड्यावर होत्या. मध्येच एक सर आली. आम्ही छत्री धरली, ती त्यांनी भिंगावर धरायला सांगितली. मांडीवरच्या वहीत त्यांनी सतरा नावे लिहिली. पंधरा त्यांना ओळखता आली, ती त्यांनी दाबलेल्या फुलांवरून ओळखली होती आणि पडताळताना प्रत्येकापुढे रंग लिहिला. राहिलेल्या दोन गेंदांची छायाचित्रे कोल्हापूरला एका प्राध्यापकांकडे पाठवली. तेथून उत्तर आले की, छायाचित्रावरून गेंदाची जात सांगता येत नाही, बी पाहावे लागते. बी ऑक्टोबराच्या सुरुवातीला धरेल, तेव्हा पुन्हा जाऊन आणावे. बाईंनी खुर्चीची पुढची चाके बदलून मोठी बसवून घेतली आहेत.